गडाचे दप्तर मामलेदाराकडे गेले तेव्हा

गडहिंग्लजजवळचा सामानगड पाहायला फार लोक जात नाहीत. पन्हाळ्याचे नाव नाही, रांगण्याचे रान नाही. पण गडावर गेलात तर जांभ्या खडकात खोल कोरत नेलेल्या विहिरी बघा. पायऱ्या उतरत जावे आणि कमानींखालच्या गारव्यात थबकावे. या पाण्यावर शिबंदीच्या किती पिढ्या जगल्या असतील, हा विचार तिथे आपोआप येतो. १८४४ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, याच गडाच्या लोकांनी दरवाजे लावून घेतले आणि कोल्हापूर दरबारचा हुकूम मानणार नाही असे कळवले. पाठोपाठ भुदरगडाने तेच केले. मग आग या गडावरून त्या गडावर गेली, राजधानीत शिरली, पन्हाळ्यावर पोहोचली आणि शेवटी सह्याद्री उतरून सावंतवाडीच्या रानात भडकली. ती विझवायला इंग्रजांना सुमारे सात महिने लागले. कोल्हापूर भागात हा प्रसंग ‘गडकऱ्यांचे बंड’ म्हणून ओळखला जातो.

या बंडाकडे पाहताना पहिली अडचण येते ती अशी, की समोर परकी सत्ता सरळ दिसतच नाही. कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती होते. शिक्का त्यांचा, नौबत त्यांची, दसऱ्याचे सोने त्यांच्याच दरबारात. गडकरी त्यांचे पिढीजात चाकर. मग चाकरांनी आपल्याच धन्याविरुद्ध दरवाजे का लावावेत? या प्रश्नाचे उत्तर संस्थानी राज्यात इंग्रजी अंमल कोणत्या वाटेने आत शिरला, या गोष्टीत आहे. तो अंमल पलटणीच्या आधी कारभाऱ्याच्या रूपाने आला, आणि कारभाऱ्याच्या हातात होते दप्तर.

आधी गडकरी म्हणजे कोण, ते नीट समजून घेतले पाहिजे. आज ‘गडकरी’ हे आपल्याला आडनाव म्हणून माहीत आहे. त्या काळी तो एक दर्जा होता. शिवकाळापासून किल्ल्याचा बंदोबस्त एका माणसाच्या हाती राहू नये अशी व्यवस्था होती. हवालदार माणसांवर आणि दरवाजाच्या किल्ल्यांवर नजर ठेवी, सबनीस हजेरी आणि हिशेब लिही, कारखानीस धान्य, दारूगोळा आणि इमारतींचे पाही. तिघांच्या संमतीशिवाय गड चालत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तो ग्रंथ कोल्हापूरच्या छत्रपतींसाठीच लिहिला गेला, आणि त्यात किल्ल्याच्या झाडापासून पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची काळजी कशी वाहावी ते सांगितले आहे. गडाभोवती घेऱ्यात आणि मेटांवर, म्हणजे चौक्यांवर, राहणारी माणसे वेगळी. त्यांत मराठे होते, रामोशी होते, बेरड होते, महार होते. रात्रीची गस्त, वाटांची राखण, खबर पोहोचवणे ही त्यांची कामे.

या सगळ्यांचे पोट गडाला तोडून दिलेल्या जमिनींवर चाले. रोख पगार घेणारी शिबंदी वेगळी. ती आज ठेवली, उद्या काढली. गडकरी मात्र वतनदार. बाप तटावर उभा राहिला म्हणून मुलगा उभा राहणार, आणि गडाखालचे शेत म्हणूनच घरात राहणार. या जमिनींचा कारभार गडावरचे अधिकारीच पाहत. कोणत्या शेताचे किती पीक, कोणाच्या वाट्याला किती, कोण मेला आणि त्याच्या जागी कोण आला, हे सारे गडाच्या दप्तरात लिहिले जाई. थोडक्यात, गड हा एक लहानसा राज्यकारभारच होता. त्याला स्वतःची जमीन होती, स्वतःचा हिशेब होता, हत्यारे होती आणि तट होते.

बंडाची चर्चा करताना गडकऱ्यांनी ‘वतनाच्या लोभाने’ शस्त्र उचलले, असे म्हणून मोकळे होण्याची सवय जुन्या सरकारी लिखाणातून आली आहे. मला ती पटत नाही. वतन म्हणजे नुसते उत्पन्न नव्हते. गावच्या जत्रेत मान कोणाचा, पोरीला स्थळ कोणते येणार, पाटलाच्या ओसरीवर बसायला जागा कुठे मिळणार, हे सगळे त्या चाकरीवर ठरत असे. ते काढून घेतले तर माणूस गरीब होई, आणि त्याहून वाईट म्हणजे तो कोणीच उरत नसे.

आता दरबाराकडे वळू. कोल्हापूर आणि कंपनी सरकार यांच्यातला १८१२ चा तह हा सुरुवातीचा मोठा टप्पा. त्यात कोल्हापूरने मालवण बंदर आणि सिंधुदुर्गाचा परिसर गमावला. पेशवाई बुडाल्यावर राज्य शाबूत राहिले, पण शहाजी ऊर्फ बावासाहेब महाराजांचे इंग्रजांशी खटके उडत राहिले. १८२६, १८२७ आणि १८२९ अशा तीन खेपांना नवे करार त्यांच्यावर लादले गेले. फौज कमी करा, चिकोडी आणि मनोळी परत द्या, किल्ल्यांत इंग्रजी शिबंदी ठेवा, अशी कलमे एकामागून एक आली. सगळ्यांत खोलवर गेलेले कलम मात्र दिसायला अगदी साधे होते. ते म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी नेमण्याचा हक्क इंग्रजांना राहील. तोफा, किल्ले, परगणे गेले तर लोकांना दिसते. कारभारी नेमण्याचा हक्क गेला ते त्या दिवशी कोणाला दिसले नसेल.

बावासाहेब १८३८ मध्ये वारले. गादीवर शिवाजी ऊर्फ बाबासाहेब बसले, तेव्हा त्यांचे वय सात-आठ वर्षांचे होते. कारभार राजघराण्यातल्या स्त्रिया आणि काही कारभारी मिळून पाहू लागले. मावशी ताराबाई, ज्यांना ‘दिवाणसाहेब’ म्हणत, त्यांच्या हाती पुढे सूत्रे गेली. दरबारात गट पडले, कर्ज वाढले, तक्रारी गेल्या, आणि इंग्रजांनी ते जुने कलम बाहेर काढले. १८४३ च्या सुमारास दाजी कृष्ण पंडित यांची कारभारी म्हणून नेमणूक झाली. ते छत्रपतींचे कारभारी होते, पण त्यांची नेमणूक आणि बडतर्फी इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाच्या हाती होती. दोन धन्यांचा हा चाकर खरा कोणाचा, हे लोकांना फार दिवस कळायचे राहिले नाही.

दाजी पंडितांवर कोल्हापूरच्या आठवणीत बराच राग साठला आहे. त्यांच्या सुधारणा कागदावर वाचल्या तर त्यांत दुष्टावा दिसत नाही, हेही सांगायला हवे. त्यांना खर्च कमी करायचा होता, वसुली एका हाती आणायची होती. एकाच परिसरात गडाचा वेगळा कारभार आणि तालुक्याचा वेगळा कारभार, ही दुहेरी पद्धत त्यांना गैरसोयीची वाटली. म्हणून गडांच्या जमिनींची व्यवस्था गडावरच्या अधिकाऱ्यांकडून काढून तालुक्याच्या मामलेदाराकडे देण्याचे ठरले. आजच्या भाषेत याला कोणी प्रशासकीय पुनर्रचना म्हणेल.

गडकऱ्यांनी त्याचा अर्थ लावला तो वेगळा, आणि माझ्या मते तो बरोबर होता. ज्याच्याकडे जमिनीचे दप्तर, त्याच्याकडे जमीन. आज हिशेब मामलेदार लिहील, उद्या तो विचारील की एवढ्या माणसांची गडाला गरज काय, परवा शेत खालसा होईल. त्यांच्यासमोर ताजी उदाहरणे होती. शेजारच्या साताऱ्यात प्रतापसिंह छत्रपतींना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवले गेले होते, तेही इंग्रजांनीच १८१८ नंतर त्यांना बसवले असताना. छत्रपतीची ही गत, तिथे घेऱ्यातल्या नाईकाचे काय? दरबारातल्या मोठ्या मंडळींना तहनाम्यातले जे कलम पंधरा वर्षे जाणवले नाही, ते गडकऱ्यांना एका हुकमात समजले, कारण तो हुकूम त्यांच्या शेताच्या बांधापर्यंत आला होता.

सामानगडावर पुढाकार मुंजाप्पा कदम यांनी घेतल्याचे सांगतात. दरबारने पाठवलेली माणसे तिथे काही करू शकली नाहीत; त्यांतले बरेच जण मनाने गडकऱ्यांच्याच बाजूचे. मग बेळगावहून कंपनीची फौज आली, कर्नल वॉलेसच्या हाताखाली. सुरुवातीचे प्रयत्न फसले. पावसाळी चिखलात जड तोफा चढणीला लावणे सोपे नव्हते, आणि गडावरचे लोक जागचे हलले नाहीत. अखेर जनरल डेलामोटकडे सरदारकी आली, वेढ्याच्या मोठ्या तोफा आल्या, तटाला खिंडार पडले आणि १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड घेतला गेला.

तीन महिने गेले होते, आणि या तीन महिन्यांनीच खरे काम केले. एक लहान गड कंपनीच्या फौजेसमोर एवढा टिकतो, ही बातमी मुलखात फिरली. कोल्हापूर शहरात दरबारच्या सैन्यातला बाबाजी अहिरेकर उठला. त्याच्या माणसांनी कारभारी दाजी पंडितांनाच पकडले आणि काही दिवस राजधानीचा कारभार आपल्या हाती घेतला. इथे बंडाचा रंग बदलतो. गडकऱ्यांची तक्रार जमिनीची होती. आता बोट थेट इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्याकडे वळले. ज्या कलमाबद्दल दरबार गप्प बसला होता, त्याला शिपायांनी हात घातला.

इंग्रजांनी या कामावर कर्नल जेम्स औट्रामला खास अधिकार देऊन पाठवले. खानदेशात १८२५ पासून भिल्लांची पलटण उभी करणारा तो हाच. डोंगरी मुलूख, वतनदारांचे मन, धाक आणि आमिष यांची जोड, हे सारे तो तिथे शिकला होता. त्याच्या दबावामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस दाजी पंडितांची सुटका झाली. पण सुटका झाली म्हणून बंड संपले नाही. बाबाजी अहिरेकर आणि त्याचे लोक शहरातून निघाले. नोव्हेंबरमध्ये भुदरगड पडला, आणि उरलेले सगळे पन्हाळ्यावर जमले.

पन्हाळ्यावर एक वेगळेच संकट इंग्रजांची वाट पाहत होते. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याला पन्हाळ्यावर कैदेत टाकले. हा ओव्हान्स म्हणजे ज्याच्या रेसिडेंटपणाच्या काळात प्रतापसिंह महाराजांवर कटाचे आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले, तोच. त्याच्या कारस्थानांविरुद्ध प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी त्याच वेळी लंडनमध्ये अर्जांवर अर्ज करत, दारोदार हिंडत होते. साताऱ्याचे प्रकरण डोक्यात ठेवून गडकऱ्यांनी त्याला धरले, असे म्हणायला आधार नाही. पण एका छत्रपतीला गादीवरून उतरवणाऱ्या माणसाला दुसऱ्या छत्रपतीच्या गडावर काही दिवस कैदी म्हणून काढावे लागले, ही घटना इतिहासात आहे. आणखी एक योगायोग असा, की ओव्हान्स आणि औट्राम हे दोघेही खानदेशातल्या भिल्लांच्या बंदोबस्तात एकाच काळी काम केलेले. आता एक गडावर कैदेत आणि दुसरा गडाखाली त्याच्या सुटकेची बोलणी करतो आहे, असे चित्र होते.

ओव्हान्सला सोडण्यात आले. गड मात्र सोडला गेला नाही. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी पन्हाळ्याचा तट फोडला, फौज आत घुसली, आणि त्याच धुमश्चक्रीत बाबाजी अहिरेकर मारला गेला. शेजारचा पावनगडही त्याच दिवशी पडला. १६६० मध्ये चार महिने सिद्दी जौहरच्या वेढ्याला ज्या पन्हाळ्याने तोंड दिले होते, तो एका दिवसात गेला. तोफखाना बदलला होता. तटाच्या भरवशावर लढण्याचा काळ सरला होता, आणि हे गडकऱ्यांनाही आता दिसले असणार. कारण यानंतर लढाईची जागा बदलली. विशाळगड, रांगणा मागे सोडत उरलेले लोक कोकणाच्या बाजूने सरकले, जिथे तटापेक्षा रानाचा आधार मोठा होता.

सावंतवाडीचे दुखणे कोल्हापूरपेक्षा जुने. वाडीच्या भोसले सावंतांशी इंग्रजांचा तह १८१९ मध्ये झाला. संस्थानात सरदार मंडळी आपापल्या गावांत घट्ट, आणि राजे खेमसावंत ऊर्फ बापूसाहेब त्यांना आवरू शकत नव्हते. १८३० च्या दशकात उठाव झाले, इंग्रजी फौज आली, गेली, आणि १८३८ मध्ये कंपनीने राजाकडून कारभारच काढून घेऊन आपला पोलिटिकल सुपरिंटेंडेंट वाडीत बसवला. म्हणजे कोल्हापुरात जे कारभाऱ्याच्या पडद्याआडून झाले, ते इथे उघड झाले होते. कारभार काढल्याबरोबर पुन्हा उठाव झाले. त्यामुळे घाटावरून गडकरी उतरले तेव्हा सावंतवाडीत त्यांना उपरे वाटण्याचे कारण नव्हते.

इथला प्रमुख माणूस म्हणजे फोंडसावंत तांबुळकर. तांबुळी गावचा हा सरदार आपल्या आठ मुलांसह बंडात उतरला. एखाद्या घराने सगळीच्या सगळी पिढी पणाला लावावी, हे आज वाचताना अंगावर येते. मनोहरगड आणि मनसंतोषगड ही जोडी सह्याद्रीच्या ऐन कुशीत आहे. खाली शिरशिंगे आणि शिवापूरची रानगावे, वर उभे कडे. आग्र्याहून सुटून आल्यावर १६६७ मध्ये शिवाजी महाराज काही काळ मनोहरगडावर राहिले होते, असा उल्लेख आहे. कोल्हापूरकडचा सुभाना निकम आणि इतर म्होरके इथेच येऊन मिळाले. आणि मग संस्थानचे युवराज, फोंडसावंत ऊर्फ अण्णासाहेब, बंडवाल्यांत सामील झाले.

युवराज येण्याने बंडाला जे मिळाले ते पैशाने किंवा बंदुकीने मिळाले नसते. त्यांना राजाचा मान देण्यात आला, त्यांच्या नावाने महसूल गोळा होऊ लागला. एकीकडे वाडीत बापूसाहेब राजे, पण कारभार इंग्रजांचा. दुसरीकडे मनोहरगडावर त्यांचा मुलगा, आणि कारभार बंडवाल्यांचा. रयतेने कोणाला सारा द्यावा? वसुली कोण करतो, या प्रश्नाशी सामानगडावर सुरू झालेली गोष्ट इथे पुन्हा येऊन पोहोचली.

इंग्रजांनी रानावर तीन बाजूंनी फौजा सोडल्या. एका तुकडीबरोबर औट्राम स्वतः होता. पायवाटा, झाडोरा, अचानक येणाऱ्या गोळ्या, आणि गाव रिकामे. या मुलखात कंपनीच्या शिपायांना पन्हाळ्यापेक्षा जास्त त्रास झाला. तरी जानेवारी १८४५ च्या अखेरीस मनोहरगडावर मारा झाला आणि आतले लोक रात्रीच्या अंधारात निसटले. दुसऱ्या दिवशी फौज गडावर पोहोचली तेव्हा गड ओस होता. फोंडसावंत, त्याची मुले, अण्णासाहेब, बहुतेक सगळे म्होरके सीमा ओलांडून गोव्यात उतरले होते.

सावंतवाडी आणि गोवा यांच्यामधली सीमा नकाशावर ठळक असली तरी माणसांच्या व्यवहारात ती फारशी नव्हती. पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग अठराव्या शतकात वाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलेले. बोली एक, दैवते एक, सोयरिकी दोन्हीकडे. पोर्तुगीजांनी या मंडळींना इंग्रजांच्या स्वाधीन करायला नकार दिला. गव्हर्नर पेस्ताना यांच्यापुढे प्रश्न बंडवाल्यांबद्दलच्या दयेचा नसावा. मुंबईच्या इंग्रजांनी मागितले म्हणून माणसे बांधून दिली तर आपली सत्ता कसली, हा असावा. ज्या रानाने या लोकांना आसरा दिला, त्याच पट्ट्यात सात वर्षांनी, जानेवारी १८५२ मध्ये, सत्तरीच्या दिपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला आणि नाणूसचा किल्ला घेतला. तीन वर्षे तो चालला आणि समेटाने मिटला. राण्यांचे भांडणही जमिनीच्या आणि मानाच्या जुन्या हक्कांचेच होते. सत्ता इंग्रजांची असो की पोर्तुगीजांची, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वतनदाराच्या दुखण्याचे मूळ एकच होते.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी जे केले ते पाहिले की त्यांना नेमके कशाचे भय वाटले होते ते कळते. त्यांनी तट पाडले. पन्हाळा, पावनगड, विशाळगड, सामानगड, भुदरगड, रांगणा, सगळ्यांच्या बुरुजांना आणि दरवाजांना सुरुंग लागले. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच गेला. आज आपण तीन दरवाजा बघतो, त्याच्या कमानींवरचे कोरीवकाम न्याहाळतो, आणि चार दरवाजाच्या जागी थोडे दगड पाहून पुढे जातो. पुष्कळदा पर्यटकांना वाटते की हे किल्ले काळाने ढासळले. काळाने थोडे ढासळले. पाडलेले जास्त आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे १८४४-४५ च्या याच हिशेबात पाडलेले आहेत. शाळेच्या सहली गडावर नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना एवढे तरी अवश्य सांगावे.

गडकऱ्यांची चाकरी बंद झाली. तटच नाही तर तटावर उभा कोण राहणार? त्यांच्या जागी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, रोख पगाराची स्थानिक पलटण उभी राहिली. वतनाच्या जागी पगार, हवालदाराच्या जागी कॅप्टन, गडाच्या दप्तराच्या जागी सुपरिंटेंडेंटची कचेरी. बंड मोडण्याचा खर्च राज्याच्याच माथी बसला. म्हणजे गडकऱ्यांवर डागलेल्या गोळ्यांची किंमत कोल्हापूरच्या रयतेने सारा भरून चुकवली. मेजर ग्रॅहम यांनी पोलिटिकल सुपरिंटेंडेंट म्हणून कारभार हाती घेतला आणि पुढे कोल्हापूर राज्याचा एक तपशीलवार अहवाल लिहिला, जो १८५४ मध्ये छापला गेला. गावांची, जमिनींची, इनामांची मोजदाद त्यात आहे. ज्या माहितीसाठी एकेकाळी गडाच्या सबनिसाला विचारावे लागे, ती आता मुंबईत छापील पुस्तकात मिळू लागली. अभ्यासकांना हा अहवाल आजही उपयोगी पडतो, आणि तो वाचताना तो कोणत्या परिस्थितीत तयार झाला, हे विसरता येत नाही.

मुलूख शांत झाला, असे कागदोपत्री नोंदले गेले. बारा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ च्या रात्री, कोल्हापुरातली २७ वी देशी पलटण उठली. डिसेंबरमध्ये शहराचे दरवाजे पुन्हा एकदा आतून बंद झाले. या प्रकरणात छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय गेला आणि त्यांना कराचीला नेण्यात आले. तिथेच १८६९ मध्ये ते वारले. उठावाच्या पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, फोंडसावंत तांबुळकरांची मुले गोव्याच्या हद्दीजवळून सुपे भागातल्या डोंगरांत इंग्रजांच्या चौक्यांवर तुटून पडत होती. १८४५ मध्ये मनोहरगडावरून अंधारात उतरलेली ही पोरे आता कर्ती झाली होती. इतिहासाच्या पुस्तकांत १८५७ वेगळ्या प्रकरणात येते आणि गडकऱ्यांचे बंड तळटीपेत. पण या घराच्या दृष्टीने पाहिले तर मधली बारा वर्षे ही एकाच लढ्यातली विश्रांती होती.

कोल्हापूरच्या बाबासाहेब महाराजांना १८६२ मध्ये नव्या तहाने राज्याचे अधिकार परत मिळाले. तेव्हा त्यांचे वय तीस ओलांडून गेले होते. १८५७ मध्ये ते इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले, त्याची ही दखल. तरी मोठ्या जहागीरदारांवरची अंतिम नजर इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवली. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिरींचे तंटे आता छत्रपतींच्या दरबारात एकट्याने मिटणार नव्हते.

सावंतवाडीच्या युवराजांची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने पूर्ण झाली. गोव्यात निर्वासित म्हणून राहिलेल्या अण्णासाहेबांचा गुन्हा पुढे माफ करण्यात आला. बापूसाहेब वारल्यावर १८६७ मध्ये ते वाडीच्या गादीवर बसले आणि दोनच वर्षांनी तेही गेले. ज्यांनी त्यांना मनोहरगडावर राजा मानून त्यांच्या नावाने सारा गोळा केला होता, त्या तांबुळकरांपैकी कोणाला त्यांच्या दरबारात बसायला जागा उरली नव्हती. मनोहरगडाचे तट तोवर झाडोऱ्याने भरून गेले होते.